नळीवाल्या सिस्टर

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला आमच्या सिस्टर हळदीकुंकवाला आल्या. कुंकू लावून घेतलं, तिळगूळ तोंडात टाकला, आणि वाण हातात घ्यायच्या आधी सरळ माझ्या गळ्याशी हात आणून आखूड मंगळसूत्राखाली दोन बोटं घालून पाहिली. “जातायत. छान,” एवढं म्हणून त्या खुर्चीवर जाऊन बसल्या. सासूबाईंना वाटलं, ही बाई सोन्याचं वजन अजमावतेय. त्या गेल्यावर सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, तुमच्या इस्पितळात सगळ्या अशाच आहेत का? मी म्हटलं, नाही, अशा एकच आहेत, आणि आम्हाला तेवढ्याही झेपत नाहीत.

दोन बोटांचा प्रकार असा. घसा सुजला, भाजला किंवा धनुर्वातानं जबडा आवळला की माणसाला नाकातोंडानं श्वास घेता येत नाही. मग मानेला पुढून भोक पाडून तिथून श्वासनलिकेत एक नळी बसवतात. डॉक्टर तिला ट्रॅकिऑस्टॉमी म्हणतात, आम्ही नुसतं ‘ट्रॅकी’ म्हणायचो. नळी जागेवर राहावी म्हणून मानेभोवती नाडी बांधतात. नाडी सैल राहिली तर एका खोकल्यासरशी नळी बाहेर येते, आणि करकचून बांधली तर गळ्याला करकोचा पडतो. म्हणून नाडीखाली दोन बोटं जायला हवीत, तिसरं जाता कामा नये. नर्सिंगच्या पुस्तकात हे एका ओळीत असतं. सिस्टरांच्या बाबतीत मात्र त्या ओळीनं त्यांचं सगळं आयुष्य व्यापलं होतं. बसच्या रांगेत, लग्नात, भाजीवाल्यापुढे, कुठेही उभ्या असल्या तरी त्यांची नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर न जाता गळ्यावर जायची. एकदा एक ट्रस्टी टाय लावून वॉर्ड बघायला आले. सिस्टर त्यांच्या गळ्याकडे इतक्या रोखून बघत राहिल्या की त्या भल्या गृहस्थानं आपण होऊन गाठ सैल केली.

त्या मूळच्या साताऱ्याकडच्या. उंच, हाडापेरानं मजबूत, पांढऱ्या साडीला कडक स्टार्च. मुंबईत मोठ्या इस्पितळात बरीच वर्षं काढून त्या आमच्याकडे वाशीला आल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलंच तर म्हणायच्या, दळण टाकायचं राहून जातं ना, तसं राहून गेलं. विचारणारा विषय बदलायचा, आणि तेच त्यांना हवं असायचं.

तेव्हा वाशीत सेक्टरांना नंबर होते, सोसायट्यांना पाट्या होत्या, आणि मधल्या सगळ्या जागेत गवत होतं. ऐंशीचं दशक नुकतंच लागलेलं. आमचं इस्पितळही गावासारखंच अर्धंमुर्धं उभं राहिलेलं. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांतून भाजलेले, गॅस लागलेले कामगार यायचे, आजूबाजूच्या गावांतून घटसर्पाची पोरं यायची. कान-नाक-घशाचे डॉक्टर मुंबईहून ठरल्या दिवशी यायचे, ऑपरेशन करून पुलापलीकडे जायचे. नळी बसवणारा गेला की नळी सांभाळायला सिस्टर. त्यांना मागून सगळे ‘नळीवाल्या सिस्टर’ म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं आणि आवडत होतं, असा माझा संशय आहे.

नवीन मुलगी रुजू झाली की तिला पहिल्या दिवशी त्या औषधं दाखवायच्या नाहीत, चार्ट दाखवायच्या नाहीत. थंड पेयाचा स्ट्रॉ हातात द्यायच्या. नाक चिमटीत धर, स्ट्रॉ ओठांत धर, फक्त त्यातून श्वास घे, आणि व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून ये. मुलगी अर्ध्यावर लालबुंद व्हायची. मग सिस्टर तिच्याजवळ जाऊन स्ट्रॉचं तोंड अंगठ्यानं क्षणभर बंद करायच्या आणि शांतपणे सांगायच्या, आता मला हाक मार. अर्थातच हाक निघायची नाही. नळीवाल्या माणसाची हवा मानेतूनच आत-बाहेर होते, आवाजाच्या पडद्यापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे तो ओरडू शकत नाही, कण्हूसुद्धा शकत नाही. नळीत बेडका वाळून बसला आणि श्वास कोंडला, तर चार हातांवरच्या नर्सला पाठ वळवलेली असताना पत्ता लागत नाही. हे मी पुस्तकात वाचून पास झाले होते. त्या व्हरांड्यात मला ते कळलं, आणि त्या दिवशी मी सिस्टरांना मनातल्या मनात पुष्कळ शिव्याही दिल्या.

आमचे सुपरिंटेंडेंट साहेब स्वभावानं गरीब होते. सिस्टरांनी त्यांच्याही हातात स्ट्रॉ दिला. साहेब जेमतेम पाणपोईपर्यंत पोचले, नाक सोडलं आणि म्हणाले, सिस्टर, हा काय पोरखेळ लावलाय? सिस्टर म्हणाल्या, बोललात साहेब, पेशंटला एवढंही जमलं नसतं.

नातेवाइकांशी त्यांचं कायमचं युद्ध. आपल्याकडे आजाऱ्यावर माया करायची म्हणजे त्याला पुसून काढायचं आणि वरून पावडर थापायची. ती पावडर उडून नळीत जाते, पण मायेपुढे हे कोण ऐकतो? सिस्टर डबे जप्त करायच्या. त्यांच्या कपाटात पावडरच्या डब्यांची रांग होती, प्रत्येकावर चिकटपट्टीनं पेशंटचं नाव, आणि घरी जाताना डबा परत. उदबत्तीलाही बंदी. ‘बिचारा मुका झाला हो’ असं कुणी पेशंटदेखत म्हटलं की त्या त्याला हाताला धरून वॉर्डाबाहेर न्यायच्या. बाहेर नेऊन काय सांगत कोण जाणे, पण माणूस परत यायचा तो ओशाळून.

आणि घंट्या. खाटेशी विजेची बेल बसवून द्या म्हणून त्या साहेबांच्या मागे लागल्या होत्या. बेल मंजूर व्हायला वेळ लागत होता, आणि झाली असती तरी वीज सारखी जायची. शेवटी सिस्टर एका दुपारी बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात गेल्या आणि पूजेच्या पितळी घंट्या घेऊन आल्या. प्रत्येक नळीवाल्याच्या उशाशी एक. श्वासाला काहीही वाटलं तर वाजवायची. मधेच कधीतरी त्या स्वतःच पडद्याआड उभं राहून घंटी वाजवायच्या आणि कोण आधी पोचतं ते बघायच्या. आधी पोचणारीला लिमलेटची गोळी. चांगल्या थोराड वॉर्डबॉयला गोळीसाठी धावताना मी पाहिलंय.

पण पूजेची घंटी ती पूजेचीच. पेशंटच्या आया-बायका तिला नमस्कार करायला लागल्या. कुणी हळदकुंकू वाहिलं, कुणी फूल. घंटी वाजली की समोरच्या खाटेवरचा आजोबा झोपेतून हात जोडायचा. एका मुसलमान ड्रायव्हरला ते जरा अवघड वाटतंय असं दिसल्यावर सिस्टरांनी त्याच्या खाटेच्या दांडीला सायकलची घंटी आवळून दिली. ती इतकी खणखणीत वाजे की बाकीचेही तीच मागू लागले. सिस्टर या सगळ्याला हसायच्या, पण दिवाळीत लक्ष्मीपूजनाला वॉर्डातल्या सगळ्या घंट्या चिंचेनं घासून, ओळीनं मांडून, त्यांना गंध कोण लावायचं? त्याच.

त्या सुमाराला जवळच्या शिरवणे गावचा एक माणूस आमच्याकडे होता. जमीन नव्या शहरात गेलेली, मग कारखान्यात कंत्राटी कामावर रसायनांची पिंपं चढवायचा. एका पिंपातली वाफ तोंडात गेली आणि त्याचा घसा आतून भाजला. भरताना तो असा आकसला की मुंबईच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं, नळी आता जन्माची. बाकी माणूस ठणठणीत. खायचा, फिरायचा, वॉर्डातल्या पोरांना कागदाच्या होड्या करून द्यायचा. पण घरी जाता येत नव्हतं, कारण घरी नळी सांभाळणार कोण?

ही नळी म्हणजे खरं तर एकात एक अशा दोन धातूच्या नळ्या. आतली काढून धुऊन परत घालता येते. तीच तुंबते, आणि तीच पटकन ओढून काढली की श्वास मोकळा होतो. सिस्टरांचं म्हणणं साधं होतं: त्याच्या बायकोला हे शिकवायचं, आणि त्याला घरी सोडायचं. साहेबांचं म्हणणंही साधं होतं: नातेवाइकांनी नळीला हात लावायचा नाही, काही बरंवाईट झालं तर ट्रस्टी मला विचारतील. हा वाद रोज सकाळी राऊंडला व्हायचा. खाटेवरचा माणूस दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघायचा. त्याला फक्त घरी जायचं होतं. सुनेचं पहिलं बाळंतपण झालं होतं, आणि नातू त्यानं वॉर्डाच्या दारातून, लांबूनच पाहिला होता.

सिस्टरांनी साहेबांचं ऐकून घेतलं आणि बायकोला शिकवायला सुरुवात केली. भर सकाळी, सगळ्या वॉर्डादेखत, फक्त साहेबांच्या पाठीमागे. ती बाई काटक, बोलायला फटकळ, बाजारात मासळीचा भाव करताना गिऱ्हाइकाला रडवणारी. पण नळी पाहिली की ती हात मागे घ्यायची. पहिल्याच दिवशी आतली नळी तिच्या हातून फरशीवर पडली आणि ती डोक्याला हात लावून खाली बसली. म्हणाली, माज्या हातनी नाय व्हयाचा बाय, नवऱ्याचे नरड्यात हात घालाचा म्हंजे पाप लागंल. सिस्टर मायेनं समजावणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी तिला चांगलं झाडलं. पाप लागेल ते माझ्या नावावर घाल, म्हणाल्या, पण उद्या परत ये. ती आली. रोज येत राहिली, रडत, कुरकुरत, सिस्टरांना तोंडावर बोलत. हळूहळू तिला कान वळवून श्वासाचा आवाज ओळखू यायला लागला, आतली नळी फिरवून अलगद काढता यायला लागली. साहेब राऊंडला आले की दोघी मुकाट्यानं चादर नीट करायच्या.

इस्पितळात वर्षातून एकदा सत्यनारायण असायचा. तो सिस्टरांचा मोठा दिवस. साहेब सपत्नीक पूजेला बसत, पण खरी यजमानीण सिस्टर. शिरा त्यांनीच भाजायचा, केळीचे खुंट त्यांनीच बांधून घ्यायचे. आरतीला त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर. नास्तिक डॉक्टरांनाही त्या धाकानं टाळ्या वाजवायला लावत. पूजा तळमजल्यावरच्या मोठ्या खोलीत, आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला आमचा वॉर्ड.

त्या वर्षी पूजा झाली, कथा झाली, आरतीला सगळे उभे राहिले. ट्रस्टी पुढे, आम्ही बायका कडेला. भटजींनी घंटी उचलली आणि हलवली तर आवाजच नाही. आतला लोलक ठाण्याहून येताना बसमध्ये कुठेतरी पडला होता. भटजी ओशाळले. सिस्टर माझ्या शेजारी होत्या. “थांबा, आणते,” म्हणाल्या आणि लगबगीनं गेल्या, आणि लगेच हातात घंटी घेऊन आल्या. चकचकीत, गंध लावलेली. आम्हा कुणाच्याही मनात आलं नाही की ही आली कुठून. आरती सुरू झाली. झांजा, टाळ्या, घंटी. सिस्टर अगदी रंगात आल्या होत्या.

वॉर्डात एक मुलगी ड्यूटीवर होती. ती तेव्हा पडद्याआड दुसऱ्या पेशंटचं ड्रेसिंग करत होती. शिरवण्याचा माणूस झोपलेला होता म्हणून सिस्टरांनी जवळच्या खाटेवरची, म्हणजे त्याचीच, घंटी उचलली होती. दोन मिनिटांत परत ठेवायची होती. तेवढ्यात त्याला जाग आली ती श्वास कोंडल्यामुळे. नळीत घट्ट बेडका बसला होता. त्यानं उशाशी हात घातला. घंटी नाही. उठायला गेला, जमलं नाही. दुपारचा डबा घेऊन त्याची बायको त्याच वेळी दारातून आत आली तेव्हा तो काळानिळा पडला होता आणि त्याचा हात अजून उशाशी चाचपडत होता.

तिनं डबा टाकला. कुणाला हाक मारली नाही, साहेबांचा नियम आठवला नाही, पापही आठवलं नाही. आतली नळी फिरवली आणि ओढून काढली. श्वास सुटला. पडद्याआडची मुलगी धावली, तिनं पुढचं सगळं केलं. आणि ही बाई ती नळी हातात तशीच धरून व्हरांड्यातून चालत आरतीच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

आधी तिला मी पाहिलं. पदर खांद्यावरून सुटलेला, हातात ती नळी. मग एकेक करून सगळ्यांनी पाहिलं आणि आरती विरत गेली. शेवटी एकट्या सिस्टरांचा आवाज आणि घंटी राहिली, आणि मग त्याही थांबल्या. बाई सिस्टरांकडे बघत होती. तिनं फार हळू विचारलं:

“बाय, त्याची घंटी कुटं हाय?”

सिस्टरांनी आपल्या हाताकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत मी त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला पाहिला तो तेवढाच. त्या धावत वॉर्डात गेल्या. स्टार्चच्या साडीचा आवाज सबंध व्हरांडाभर ऐकू येत होता.

माणूस वाचला होता, बरा होता, तासाभरात उठून बसला. खरं सांगायचं तर प्रकरण तिथेच मिटण्यासारखं होतं. ट्रस्टींना कुणावर तरी ठपका हवा होता आणि ड्यूटीवरची मुलगी आयती सापडली होती, नवी, घाबरट, रडायला लागलेली. तिला मेमो द्यायचं ठरत होतं. मी कसल्याशा कामानं साहेबांच्या खोलीत होते म्हणून पुढचं माझ्या कानांनी ऐकलं. सिस्टर आत आल्या आणि म्हणाल्या, घंटी मी उचलली, मेमो मला द्या. साहेब कळवळले. त्यांना सिस्टरांची किंमत माहीत होती, आणि पुढच्या महिन्यात मेट्रनची जागा भरायची होती हेही. ते म्हणाले, पेशंट सुखरूप आहे, देवाची कृपा आहे, तुम्ही गप्प राहिलात तर काही बिघडणार नाही.

“गप्प राहणारी माणसं माझ्या वॉर्डात पुष्कळ आहेत, साहेब,” सिस्टर म्हणाल्या. “त्यांचं गप्प राहणं नाइलाजाचं आहे. माझं नसेल.”

मेमो मिळाला. मेट्रनची जागा बाहेरच्या एका बाईला गेली. मला फार लागलं. त्या दिवसांत मी साहेबांना नमस्कारसुद्धा करत नव्हते, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

सिस्टरांना जड गेलं ते दुसरंच. प्रकार घडला त्याच दिवशी, संध्याकाळच्या आत, त्या शिरवण्याच्या बाईसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, घंटी मी नेली. तो झोपला होता म्हणून नेली. न्यायला नको होती. त्यापुढे कारणं नाहीत, समजूत नाही. बाईनं ऐकलं आणि तोंड फिरवलं. त्यानंतर कितीतरी दिवस ती सिस्टरांशी बोलली नाही. सिस्टर खाटेशी आल्या की ती मधे उभी राहायची. गळ्याची नाडी तपासायला सिस्टरांनी हात पुढे केला की हात बाजूला सारायची आणि स्वतः बोटं घालून बघायची. नळी स्वतः काढायची, स्वतः उकळायची, स्वतः घालायची. आम्हाला एवढ्यातेवढ्यावरून फाडून खाणाऱ्या सिस्टर गुपचूप दोन पावलं मागे उभ्या राहून बघत असायच्या. मला त्याच्या बायकोचा राग यायचा. एकदा मी तसं बोलून दाखवलं तर सिस्टर मलाच म्हणाल्या, तिचं बरोबर आहे, तू मधे पडू नकोस.

साहेबांचा विरोध मात्र आपोआप संपला होता. ज्या बाईनं भर संकटात नवऱ्याला वाचवलं तिला नळीला हात लावू नको असं कुठल्या तोंडानं सांगणार? घरी सोडायच्या कागदावर त्यांनी मुकाट्यानं सही केली.

जायच्या दिवशी दीर टेम्पो घेऊन आला होता. सामान भरून झालं. सिस्टरांनी पावडरचा डबा परत दिला. माणसानं हात जोडले. बायको दारापर्यंत गेली, थांबली, परत आली आणि इतक्या दिवसांनी प्रथमच सिस्टरांकडे सरळ बघून बोलली.

“तू कदी इसरत नाय, असा मना वाटलाता. तू इसरलीस. मंजे मी पन इसरीन, बाय. मंग माजे पाठी कोन? तू घरा ये. माजे सुनंला शिकव, दिराला शिकव.”

सिस्टरांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. मला वाटतं, एवढ्या वर्षांत त्यांचं शिकवणं इतकं नीट कुणालाच समजलं नव्हतं, आमच्यापैकी कुणालाही नाही, आणि कदाचित त्यांना स्वतःलाही नाही.

पुढच्या रविवारी त्या मला घेऊन शिरवण्याला गेल्या. नुसती सून आणि दीर नाहीत, शेजारणी, समोरचा वाणी, गल्लीतून जाणारे-येणारे, जो हाताला लागेल त्याला ओटीवर बसवून शिकवलं. नळी कशी ऐकायची, कशी फिरवायची, कशी काढायची, पाणी कधी उकळायचं. वाणी म्हणाला, मी कशाला? सिस्टरांनी विचारलं, सगळी घरची कामावर गेली आणि दुकान उघडं असलं तर? वाणी शिकला. माणूस नातवाला मांडीवर घेऊन हे सगळं बघत होता. मधेच त्यानं ओठ हलवले. त्याचे ओठ फक्त त्याच्या बायकोला वाचता येत. ती हसायला लागली.

“त्यो बोलतो,” ती म्हणाली, “येवरी मानसा मना जगवाला बसली, तर मी मरू कवा?”

सिस्टर म्हणाल्या, ते खातं माझं नाही, दुसरीकडे विचारा. परतीच्या बसमध्ये त्या वाटभर ते आठवून हसत होत्या.

इस्पितळात मग बरंच बदललं. देवासाठी एक निराळी घंटी आली. वॉर्डातल्या घंट्या खाटेला नाडीनं बांधल्या गेल्या, सिस्टरांच्या गाठीनं, म्हणजे त्या सोडवायला कात्रीच हवी. आणि सत्यनारायणाला, आरती चालू असताना, नळीवाल्यांपाशी एक माणूस नुसता बसून राहायचा असं ठरलं. तो माणूस दरवर्षी सिस्टरच. शिरा करून ठेवायच्या आणि वॉर्डात येऊन स्टुलावर बसायच्या. पुन्हा त्या आरतीला उभ्या राहिल्या नाहीत. लांबून आरतीचा आवाज आला की त्यांचे ओठ हलताना मी बघितलेत.

नव्या मुलींचं शिक्षण तसंच चालू राहिलं, फक्त आता त्या आधी एक गोष्ट सांगायच्या. एका इस्पितळात एक शहाणी सिस्टर होती, तिनं पेशंटची घंटी उचलून आरतीला नेली. पोरी डोळे मोठे करायच्या. एखादी विचारायचीच, कोण हो ती? “मी,” सिस्टर म्हणायच्या. आणि आरामात चहाचा घोट घ्यायच्या. याचा परिणाम असा झाला की पोरी आपण होऊन येऊन सांगायला लागल्या. सिस्टर, माझ्याकडून नाडी सैल राहिली होती. सिस्टर, मी बेडका ओढायचं सक्शन मशीन तपासलं नव्हतं, नशिबानं लागलं नाही. पूर्वी असलं काही झालं की पोरगी मरेपर्यंत तोंड उघडायची नाही. आता आली की सिस्टर तिला आधी बसवायच्या, चहा द्यायच्या, आणि मग झाडायच्या. झाडणं सुटलं नाही, पण चहा आधी, हा नवीन प्रकार होता.

त्यांच्या निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते तेव्हाची गोष्ट. दुपारी ओपीडी संपत आलेली. व्हरांड्यातल्या बाकावर एक म्हातारी येऊन बसली. मी ओळखलं नाही. सिस्टरांनी लांबूनच ओळखलं आणि हातातलं काम टाकून तिच्याकडे गेल्या. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं.

“म्हातारा गेला, बाय,” ती म्हणाली. “छातीत कल आली न् गेला. सगली घरान होती. नली साफ होती. मी बगितली. नलीनं नाय गेला.”

सिस्टर तिच्या शेजारी बाकावर बसल्या आणि तिचा हात हातात घेऊन रडल्या. तीही रडली. मी पाणी आणून दिलं. चहा नको म्हणाली, घरी पाहुणे आहेत, जायला हवं. तेवढं एक सांगायला ती दुपारच्या उन्हात शिरवण्याहून आली होती.